कुंपणच शेत खाते तेव्हा

आरोग्याच्या चार गोष्टी

गेल्या पंधरवड्याच्या टपालात एका सासूबाईंचे पत्र आहे. पत्र त्यांनी तोंडी सांगितले आणि धाकट्या मुलाने वहीच्या चार पानांवर लिहून काढले. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती पाळत आहोत. पण पत्रातला विषय घरोघरच्या उपयोगाचा आहे, म्हणून या वेळचे सदर त्या पत्रालाच दिले आहे.

मावशी लिहितात, थोरली सून २४ वर्षांची. लग्नाला ३ वर्षे झाली. कामाला दोन गड्यांना ऐकणार नाही अशी. गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत तिची बोटे आणि मनगटे दुखू लागली. सकाळी पीठ मळता येईना. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर तांबूस चट्टा उठला, तो उन्हात गेली की भडके. केस मूठमूठ गळू लागले, अंगात कणकण राहू लागली. गावातल्या औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून दिवस काढले. यंदा पोळ्याच्या सुमारास सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसू लागली आणि संध्याकाळी पाय सुजून जोडवी रुतू लागली. लघवीला साबणासारखा फेस येतो असे तिने लाजत लाजत सांगितले. तालुक्याच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि जिल्ह्याला धाडले. तिथे सांगितले, "ल्यूपस नावाचा आजार आहे. त्याने मूत्रपिंड धरलेले दिसते. सुईने लहानसा तुकडा काढून तपासावा लागेल."

मावशींचे प्रश्न असे. हा कसला आजार? मूत्रपिंडाचा तुकडा काढला तर ते निकामी होणार नाही का? औषधे जन्मभर घ्यायची का? तिला मूल होईल का? आणि शेवटचा प्रश्न त्यांनी पत्राच्या तळाशी वेगळा लिहवून घेतला आहे. "भावकीतले लोक म्हणतात, पोरीला आता माहेरी पाठवा. मला काही सुचत नाही. तुम्ही सांगा."

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शेवटीच देऊ. आधी आजार समजून घेऊ.

राखणदार फिरतो म्हणजे काय?

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. तिला प्रतिकारशक्ती म्हणतात. घाणीतून, पाण्यातून, जखमेतून जंतू आत शिरले की ही फौज त्यांना ओळखते आणि मारते. परका कोण आणि घरचा कोण हे ओळखण्यावर तिचा सगळा कारभार चालतो. ल्यूपसमध्ये ही ओळखच बिघडते. जंतूंविरुद्ध वापरायची हत्यारे ती आपल्याच पेशींवर उगारते. कुंपणानेच शेत खायला सुरुवात करावी, तसा हा प्रकार आहे.

ही फौज रक्ताबरोबर सगळीकडे फिरते, म्हणून ल्यूपस एका जागी थांबत नाही. सांधे, कातडी, फुप्फुसांवरचे आवरण, रक्तातल्या पेशी, मेंदू, मूत्रपिंड, कुठेही तो जाऊ शकतो. एकीला सांधेदुखी आणि चट्टे एवढ्यावरच भागते, तर दुसरीला पहिल्याच फटक्यात मूत्रपिंडाचा त्रास होतो. म्हणून शेजारच्या गावातल्या अमुकीला अमुक झाले, त्यावरून आपल्या घरच्या माणसाचा अंदाज बांधू नये.

लॅटिन भाषेत ल्यूपस म्हणजे लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्याने लचका तोडल्यासारखे दिसतात, म्हणून जुन्या काळी युरोपातल्या वैद्यांनी हे नाव दिले. हा नुसता कातडीचा रोग नाही, आतल्या इंद्रियांनाही धरतो, हे १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या कापोसी या डॉक्टरांनी मांडले. पुढे १८९५ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी मूत्रपिंडाच्या त्रासासह त्याची आतली रूपे वर्णन करून ठेवली.

ल्यूपसच्या दर १० रुग्णांत सुमारे ९ स्त्रिया असतात, आणि बहुतेकींना तो १५ ते ४५ या वयात गाठतो. म्हणजे संसार उभा करण्याच्या ऐन दिवसांत. पुरुषांना आणि लहान मुलांनाही तो होतो, आणि झाला तर त्यांच्यात मूत्रपिंडाचा त्रास अधिक आढळतो. काही जणांच्या अंगात जन्मतः कल असतो, त्यावर ऊन, एखादा जंतुसंसर्ग, स्त्रियांच्या शरीरातले संप्रेरकांचे बदल अशा गोष्टींची भर पडून आजार उठतो. तो शिवाशिवीने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने कुणाला लागत नाही. कुणाची नजर, कुणाचा कोप किंवा खाण्यातली एखादी चूक याच्याशीही त्याचा संबंध नाही.

चाळणीला भोके पडतात

मूत्रपिंडे दोन. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या बरगड्यांच्या आड, प्रत्येकी मुठीएवढी. प्रत्येकात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. या गाळण्या म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतवळ्या. दिवसाकाठी त्यांतून सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. त्यातले जवळजवळ सगळे शरीर परत ओढून घेते आणि घाण घेऊन दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. रक्तातली प्रथिने आणि रक्तपेशी मात्र चाळणीच्या वरच राहतात. पीठ चाळताना पीठ खाली जावे आणि कोंडा वर राहावा, तसे.

ल्यूपसमध्ये फिरलेल्या फौजेची हत्यारे या गाळण्यांत अडकून बसतात आणि तिथे दाह सुरू होतो. चाळणीला भोके पडतात. मग जे वर राहायचे ते खाली जाते. प्रथिने लघवीतून वाहू लागतात, त्यामुळे फेस येतो. रक्तातली प्रथिने कमी झाली की पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही, ते कातडीखाली साठते, म्हणून सूज येते. रक्तपेशी गळाल्या तर लघवी चहाच्या रंगाची होते. पुष्कळदा त्या इतक्या थोड्या असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. मूत्रपिंड बिघडले की रक्तदाबही चढतो, आणि चढलेला रक्तदाब मूत्रपिंडाला आणखी बिघडवतो.

दाह फार दिवस राहिला तर गाळणी कडक होते, तिच्या जागी नुसता व्रण उरतो. जळालेल्या रोपाला पाणी घालून ते हिरवे होत नाही, तशी व्रण झालेली गाळणी पुन्हा कामाला येत नाही. सगळी घाई आहे ती एवढ्यासाठीच. दाह आहे तोवर औषध लागू पडते. व्रण झाल्यावर पडत नाही.

ल्यूपसच्या मोठ्या वयाच्या १० रुग्णांपैकी ५ जणांपर्यंत कधी ना कधी मूत्रपिंडाचा त्रास होतो. लहान मुलांत हे प्रमाण याहून अधिक. बहुधा आजार कळल्यापासूनच्या पहिल्या ५ वर्षांत तो डोके वर काढतो.

दुखत नाही म्हणून फसगत

मूत्रपिंडाचा हा त्रास दुखत नाही. कंबर दुखली की किडनी बिघडली असे लोक समजतात, आणि कंबर दुखत नाही म्हणून निर्धास्त राहतात. ल्यूपसमध्ये मूत्रपिंड पोखरले जात असताना बाई स्वयंपाक करते, धुणे धुते, रानात जाते. म्हणून ज्या बाईला ल्यूपस आहे तिने, काही त्रास नसला तरी, दर ३ महिन्यांनी लघवी तपासून घ्यावी. साधी लघवीची तपासणी फार स्वस्त असते. लघवीत बुडवायची रंगीत कागदाची पट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते.

घरी पाहण्याच्या तीन खुणा सांगतो. पहिली, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगवटा. दुसरी, नडगीच्या हाडावर अंगठा थोडा वेळ दाबून धरला आणि उचलल्यावर खड्डा तसाच राहिला तर ती सूज. तिसरी, लघवीवरचा फेस बराच वेळ न विरणे. फेस इतर कारणांनीही येतो, म्हणून एका दिवसाच्या फेसाने घाबरू नये. पण रोज येत असेल तर तपासणी टाळूही नये.

आणखी एक गोष्ट. रक्तातले क्रिएटिनिन ठीक आले म्हणजे मूत्रपिंड ठीक, अशी समजूत आहे. मूत्रपिंडाचे जवळजवळ निम्मे काम गेले तरी हा आकडा फारसा हलत नाही. ल्यूपसमध्ये लघवी आधी बोलते, रक्त मागाहून. म्हणून लघवीतले प्रथिन मोजणे चुकवू नये. दिवसाला अर्धा ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रथिन जाऊ लागले की डॉक्टर तुकड्याच्या तपासणीचा विचार करतात. शिवाय ए.एन.ए., डी.एस.-डी.एन.ए. आणि सी-३, सी-४ अशा नावांच्या रक्ताच्या तपासण्या होतात. एकटी ए.एन.ए. तपासणी सदोष आली म्हणून ल्यूपस ठरत नाही, ती निरोगी माणसांतही कधी कधी तशी येते. लक्षणे आणि तपासण्या यांची सांगड घालूनच निदान होते.

तुकडा म्हणजे माती परीक्षण

आता मावशींचा दुसरा प्रश्न. तुकडा काढल्याने मूत्रपिंड निकामी होईल का?

नाही. रुग्णाला पालथे झोपवतात, पाठीवर तेवढीच जागा बधिर करतात, सोनोग्राफीवर पाहत पाहत सुई घालतात आणि सुईच्या जाडीचे, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांबीचे एक-दोन धागे काढून घेतात. त्यात गाळण्या येतात दहा-वीस, आणि मूत्रपिंडात त्या आहेत १० लाख. नंतर दिवसभर पडून राहावे लागते. एखाद्या वेळी लघवीत थोडे रक्त दिसते, ते बहुधा आपोआप थांबते. मोठा रक्तस्राव क्वचित होतो, आणि म्हणूनच तपासणी रुग्णालयात, रक्तदाब आटोक्यात आणून आणि रक्त गोठण्याची तपासणी करून करतात. ॲस्पिरिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

पण मुळात तुकडा कशासाठी? शेताच्या चार कोपऱ्यांतली मूठमूठ माती तपासायला देतो आणि त्यावरून खताची मात्रा ठरवतो ना, तसेच हे आहे. वरून सूज आणि फेस सारखेच दिसले तरी आतला प्रकार वेगळा असू शकतो. जाणकारांनी त्याचे ६ वर्ग केले आहेत. पहिला आणि दुसरा सौम्य. तिसरा आणि चौथा जोरकस, त्यांना लगेच कडक औषध लागते. पाचव्यात प्रथिन फार वाहते. सहाव्यात बहुतेक गाळण्यांचे व्रण झालेले असतात, तिथे कडक औषधे देऊन मूत्रपिंडाला फायदा नाही, उलट शरीराला ताप. माती न तपासता खत टाकले तर पैसे वाया जातात, इथे जिवाशी गाठ आहे. तेव्हा मावशी, डॉक्टर म्हणत असतील तर तुकड्याच्या तपासणीला नाही म्हणू नका आणि लांबणीवरही टाकू नका.

आधी आग, मग निखारे

कडब्याच्या गंजीला आग लागली तर आपण आधी लोळ विझवतो आणि नंतर रात्रभर निखाऱ्यांवर लक्ष ठेवतो. ल्यूपसच्या उपचाराचेही असेच दोन भाग आहेत. पहिले काही महिने कडक औषध, पुढे काही वर्षे हलके. दोन्ही मिळून निदान ३ वर्षे तरी धरावीत, आणि काहींना याहून जास्त.

पहिले औषध स्टेरॉइड. १९४८-४९ च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन प्रथम देण्यात आले आणि त्या कामाला १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिथेच १९४८ मध्ये हारग्रेव्ह्ज यांनी ल्यूपसच्या रुग्णांतली एक खास पेशी शोधून काढली होती. स्टेरॉइड आग झटकन विझवते. पण त्याने चेहरा गोल होतो, भूक वाढते, साखर आणि रक्तदाब चढतो, हाडे ठिसूळ होतात. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवत आणतात. ती उतरवायची डॉक्टरांनी, आपण नव्हे. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद केले तर आजार तर उसळतोच, पण शरीराचे स्वतःचे संप्रेरक तयार होणे मंदावलेले असल्याने जिवावरही बेतू शकते.

दुसरे औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. हे मुळात हिवतापाच्या औषधांच्या घरातले. सिंकोना झाडाच्या सालीतल्या क्विनीनचा ल्यूपसवर उपयोग होतो हे १८९४ मध्येच लंडनच्या पेन या डॉक्टरांनी नोंदवले होते. आजची गोळी १९५५ पासून वापरात आहे. ल्यूपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला ती देतात, कारण ती आजार पुन्हा उसळू देत नाही आणि मूत्रपिंड जपते. करोनाच्या साथीत २०२० साली याच गोळीसाठी लोकांनी दुकानांवर धाव घेतली आणि ल्यूपसच्या रुग्णांना ती मिळेनाशी झाली होती. फार वर्षे घेतल्यास क्वचित डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होतो. म्हणून सुरुवातीला एकदा आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासून घ्यावेत. मूत्रपिंडाचे काम कमी असेल तर याहून लवकर.

तिसरे, फौजेला आवर घालणारी औषधे. मायकोफेनोलेटच्या गोळ्या किंवा सायक्लोफॉस्फमाइडची सलाइनमधली इंजेक्शने. दुसऱ्या औषधाचा मूत्रपिंडावरचा फायदा अमेरिकेत १९८६ साली, तर पहिल्याचा हाँगकाँगमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसला. युरोपातल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये सायक्लोफॉस्फमाइडची थोडी मात्रा, दर पंधरा दिवसांनी एक अशी ६ इंजेक्शने, हीही बऱ्याच जणांना पुरते असे दाखवले. याखेरीज टॅक्रोलिमस, अझाथायोप्रिन आहेत. अलीकडे, २०२० च्या अखेरीस आणि २०२१ मध्ये, अमेरिकेत बेलिम्युमॅब आणि व्होक्लोस्पोरिन या औषधांना मूत्रपिंडाच्या ल्यूपससाठी मान्यता मिळाली. ती महाग आहेत आणि प्रत्येकाला लागत नाहीत.

यांच्या जोडीला रक्तदाबाच्या काही गोळ्या देतात. रक्तदाब नसताना ही गोळी कशाला, असे वाटून लोक ती सोडतात. ती चाळणीवरचा दाब उतरवून वाहणारे प्रथिन कमी करते, म्हणून दिलेली असते.

माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. १९ वर्षांची मुलगी. उपचाराने सूज उतरली, लघवी सुधारली. पण स्टेरॉइडने चेहरा गोल झाला आणि घरात सोयरिकीची बोलणी चाललेली. पाहुणे यायच्या आत चेहरा उतरावा म्हणून घरच्यांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या. कुणी तरी काढा दिला, तो चालू केला. चार महिन्यांनी ती पुन्हा आली तेव्हा अंगभर सूज होती आणि श्वास लागत होता. मूत्रपिंडे वाचली नाहीत. आज ती डायलिसिसवर आहे, आठवड्यातून दोनदा एस. टी.ने जिल्ह्याला जाते. चेहरा काही महिन्यांत आपोआपच उतरणार होता. हे तिच्या वडिलांना त्या वेळी कुणी नीट समजावून सांगितले नाही, त्यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. म्हणून इथे एवढे लांबण लावून सांगतो आहे.

घरात काय पाळावे

ऊन हा या आजाराचा उघड वैरी आहे. उन्हाने नुसते चट्टे भडकत नाहीत, आतला आजारही उठतो. शेतकऱ्याच्या घरात उन्हापासून दूर राहा म्हणणे सोपे, पाळणे अवघड, हे मला माहीत आहे. तरी कामाची वाटणी बदलता येते. खुरपणी, वेचणी, भाजीची तोडणी भर दुपारची तिच्याकडे देऊ नये. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर करावी. लांब बाह्यांचा दाट विणीचा सदरा, डोक्यावरून पदर किंवा रुमाल, रुंद काठाची टोपी वापरावी. ढगाळ हवेतही अतिनील किरण खाली येतात. चेहऱ्याला लावायचे ऊन-रोधक मलम परवडत असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावे. दुधाचा हिशेब, बियाण्याची निवड, गोठ्यातले सावलीतले काम, शिवण, ही कामे तिला देता येतील. घरात बसवून ठेवण्याची गरज नाही.

मीठ कमी करावे. दिवसाला सगळे मिळून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. लोणचे, पापड, खारवलेली मिरची, सुके मासे, फरसाण यांत मीठ दडलेले असते. तिची भाजी आधी काढून घ्यावी आणि मग बाकीच्यांसाठी मीठ वाढवावे. खरे तर घरातल्या सगळ्यांनीच थोडे कमी खाल्ले तर बिघडत नाही. लघवीतून प्रथिने जातात म्हणून अंडी-मटणाचा किंवा प्रथिनांच्या डब्याचा मारा करू नये, चाळणीवरचे ओझे वाढते. नेहमीची भाकरी, वरण, भाजी, ताक पुरे. किडनीचा आजार म्हणून तांब्याने पाणी पिऊ नये. सूज असताना किती प्यायचे हे डॉक्टरांना विचारावे.

दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नयेत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड या जातीच्या गोळ्या दुखऱ्या मूत्रपिंडाला आणखी मारतात. मावशींच्या सुनेने त्या किती दिवस घेतल्या ते डॉक्टरांना जरूर सांगावे.

प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे आणि चूर्णे टाळावीत. एरवी चांगल्या वाटणाऱ्या या सल्ल्यात इथे मोठी चूक आहे. ल्यूपसमध्ये फौज दुबळी झालेली नसते, ती भलतीकडे वळलेली असते. तिला आणखी जोर देऊन काय मिळणार? गुळवेलीचा काढा घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला, फौज उलटल्यासारखी, इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहे. ज्यांत पारा किंवा शिसे असू शकते अशी भस्मेही मूत्रपिंडाला घातक. लसूणघासाविषयीही सांगून ठेवतो. त्याच्या बियांचे मोड खाऊ घातल्यावर माकडांत ल्यूपससारखा आजार उठल्याचे १९८२ साली अमेरिकेत दिसून आले. त्याच्या गोळ्या ताकदीच्या म्हणून विकल्या जातात, त्या घेऊ नयेत. हे खाण्याविषयी आहे, चारा कापून जनावरांना घालण्याविषयी नाही.

औषधांनी फौज आवरलेली असते, त्यामुळे जंतूंचे फावते. ताप १०० च्या वर गेला तर अंगावर काढू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर क्षयाची तपासणी करावी. पाणी उकळून प्यावे. पायाला भेग, काटा, कापले तर लगेच धुऊन बांधावे. कोणतीही लस घेण्याआधी चालू असलेली औषधे दाखवावीत, काही लसी चालतात, काही चालत नाहीत.

मूल होईल का?

होऊ शकते. पुष्कळ जणींना झाले आहे. पण इथे पेरणीची वेळ साधावी लागते. आजार निदान ६ महिने शांत असावा, लघवीतले प्रथिन आटोक्यात असावे, रक्तदाब ठीक असावा, आणि मग डॉक्टरांना सांगून दिवस राहू द्यावेत. मायकोफेनोलेट आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला अपाय करतात, म्हणून त्या आधीच बदलाव्या लागतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र चालू ठेवतात, आणि अझाथायोप्रिन चालते. आजार पेटलेला असताना दिवस राहिले तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. तोवर तांबी किंवा निरोध वापरावा, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. सायक्लोफॉस्फमाइडची मोठी मात्रा पोहोचल्यास पुढे मूल होण्याच्या शक्तीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून मूल हवे आहे हे उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. लाजू नये. बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करावे. आईला ल्यूपस म्हणून मुलाला तो होतोच असे नाही, बहुतेक मुलांना होत नाही.

खर्चाचे काय?

हा आजार लांबचा आहे, तेव्हा पहिल्याच महिन्यात कर्ज काढून मोकळे होऊ नये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नाव घालावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे, शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर न्यावे. डायलिसिसची वेळ आलीच तर २०१६ पासून केंद्राच्या कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ते मोफत मिळते. मूत्रपिंड पार निकामी झाले आणि ल्यूपस शांत असला, तर दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवता येते. सगळे कागद एका पिशवीत तारीखवार ठेवावेत. दर वेळचे वजन, रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन एका वहीत लिहावे. पत्र लिहून देणाऱ्या धाकट्या मुलाने हे काम अंगावर घ्यावे, त्याचे अक्षर चांगले आहे.

शेवटचा प्रश्न

मावशी, तुम्ही विचारले आहे, माहेरी पाठवू का?

खोटा धीर देणार नाही. ल्यूपसने मूत्रपिंड धरलेल्या १०० रुग्णांपैकी १० ते ३० जणांची मूत्रपिंडे काही वर्षांत निकामी होतात. पण याचा अर्थ ७० ते ९० जणांची वाचतात असाही होतो. १९५० च्या सुमारास ल्यूपसच्या निम्म्या रुग्णांना पुढची ५ वर्षेही दिसत नसत. आज १०० पैकी ९० हून अधिक जण ती सहज ओलांडतात आणि कामधंदा, संसार करतात. वाचणारे आणि न वाचणारे यांत मोठा फरक पडतो तो लवकर सुरू झालेल्या आणि न मोडलेल्या उपचाराने. उपचार मोडतो कधी? दोन घरे एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा. सासर म्हणते माहेराने पाहावे, माहेर म्हणते दिली त्या घरी. मधल्या मध्ये गोळ्या संपतात.

हा आजार तिने माहेराहून लपवून आणलेला नाही आणि तुमच्या घरानेही तिला दिलेला नाही. तो तुमच्या मुलाला झाला असता तर तुम्ही त्याला कुठे पाठवले असते? विश्रांतीसाठी ती चार दिवस आईकडे गेली तर जाऊ द्या, गोळ्यांची पिशवी आणि वही बरोबर द्या, आणि पुढच्या तपासणीच्या आधी मुलाला आणायला पाठवा. भावकीला सांगा, डॉक्टरांनी इथेच ठेवायला सांगितले आहे. माझे नाव सांगितले तरी चालेल.

तुम्ही तिच्या पायाची सूज पाहिली, जोडवी रुतलेली पाहिली, आणि कुणाला न विचारता चार पाने लिहवून घेतली. तुमचे उत्तर त्या पत्रातच आहे असे मला वाटते. तुकड्याची तपासणी झाली की कोणता वर्ग निघाला ते कळवा.

इतर वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. तरुण बाईला सांधेदुखी, गालावर उन्हात भडकणारा चट्टा, राहून राहून ताप आणि केस गळणे, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर नुसत्या दुखण्याच्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. एकदा रक्तदाब पाहावा आणि लघवी तपासावी. दहा मिनिटांचे काम आहे.